तुर्की टोपी आणि आईचा पदर

इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "अतातुर्कने तुर्कस्तान पाश्चात्त्य केला, धर्म बाजूला सारला आणि आता एर्दोआन तो परत आणताहेत, एवढंच पुस्तकात वाचलं. प्रत्यक्षात काय दिसतं? लोक मनाने युरोपचे की इस्लामचे? आणि पुढे कधी आईला घेऊन गेले, तर तिला डोक्यावरून पदर घ्यावा लागेल का?"

पदराचं शेवटी सांगते. डोक्यावर काय असावं आणि ते कोणी ठरवावं, यावरूनच त्या देशात दोनशे वर्षं रामायण चाललंय. ते आधी ऐका, मग पदराचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

मी २००६ पासून मराठी मंडळींचे गट तुर्कस्तानात नेत आले. भाषा तिथेच, दुकानं आणि बसथांबे फिरत शिकले. भाव करण्यापुरती आणि चहाला बसल्यावर घरच्या गोष्टी ऐकण्यापुरती येते. मे २०२५ नंतर आमचं काम जवळपास थांबलं. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, इकडे लोकांनी सहली रद्द केल्या, पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला. तो राग मला समजतो, पण आजचा विषय तो नाही. बहिष्कारावरून मात्र एक आठवलं, ते पुढे येईलच.

इस्तंबूलच्या सुलतानअहमत चौकात आइस्क्रीमवाले असतात. नक्षीचं जाकीट, डोक्यावर लाल गोंड्याची टोपी, हातात लांब दांडा. कोन पुढे करतात, तुम्ही हात लावला की काढून घेतात. आमच्या गटातल्या सांगलीच्या एका काकांनी तशीच टोपी विकत घेतली आणि दिवसभर घालून फिरले. "तुर्कस्तानात आलोय तर तुर्की टोपी पाहिजेच!" संध्याकाळी आमच्या बसचा चालक, पन्नाशीचा गृहस्थ, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, यांना सांगा, ही टोपी आमच्याकडे फक्त आइस्क्रीमवाले घालतात. आणि हो, कायद्याने बंदी आहे." तो हसत होता, पण बंदीचं खोटं नव्हतं. २५ नोव्हेंबर १९२५ चा टोपी कायदा अजून रद्द झालेला नाही. उलट १९८२ च्या घटनेच्या १७४ व्या कलमाने त्याला संरक्षण दिलंय. आज त्यावरून कोणी कुणाला पकडत नाही, ते वेगळं.

मराठीत आपण जिला तुर्की टोपी म्हणतो, ती फेज तुर्कांची पिढीजात टोपी नव्हेच. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये यानिसारी हे जुनं, डोईजड झालेलं सैन्य मोडून काढलं आणि युरोपी धर्तीचं नवं सैन्य उभं केलं. नव्या गणवेशावर पागोटं शोभेना, म्हणून उत्तर आफ्रिकेकडून ही टोपी आली. १८२९ मध्ये सगळ्या सरकारी नोकरांना ती सक्तीची झाली. पागोटं फक्त धर्मपंडितांना राहिलं. तोवर पागोट्याच्या रंगावरून आणि बांधणीवरून माणसाचा धर्म, हुद्दा, पेशा सगळं कळायचं. सुलतानाला नेमकं तेच पुसायचं होतं. तेव्हा सनातनी लोकांनी बोटं मोडली, की हे फिरंगी खूळ डोक्यावर कशाला?

पुढच्या ऐंशी वर्षांत तेच खूळ मुसलमानपणाची खूण होऊन बसलं. हिंदुस्थानातले मुसलमान पुढारीसुद्धा ती हौसेने घालू लागले. गंमत म्हणजे यातल्या पुष्कळ टोप्या ऑस्ट्रियातल्या कारखान्यांतून यायच्या. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा इस्तंबूलमध्ये ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला आणि लोकांनी भर रस्त्यात डोक्यावरच्या टोप्या फाडल्या. मार्केट यार्डातली ती सफरचंदं पाहिली तेव्हा मला हेच आठवलं होतं.

म्हणून परंपरा आणि पाश्चात्त्य असे दोन कप्पे करून तुर्कस्तान वाचायला गेलात की घोळ होतो. अतातुर्कच्या कितीतरी आधी सुलतानांनीच युरोप घरात आणला होता. इटालियन संगीतकार दोनिझेत्तीचा थोरला भाऊ १८२८ पासून सुलतानाचा लष्करी बँड घडवत होता. १८५६ मध्ये पुरा झालेला दोल्माबाहचे राजवाडा पाहून आमची मंडळी म्हणतात, "अहो, हे तर पॅरिससारखं वाटतंय!" सुलतानाला तसंच वाटायला हवं होतं. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद तर स्वतः चित्रकार होता. त्याच्या एका चित्रात जनानखान्यातल्या स्त्रिया युरोपी पोशाखात पियानो आणि व्हायोलिन वाजवताहेत आणि खोलीत बीथोव्हेनचा अर्धपुतळा आहे. खलिफाच्या घरची ही बैठक!

याच खिलाफतीसाठी इकडे मुंबईत केंद्रीय खिलाफत समिती बसली होती. भायखळ्याचं खिलाफत हाउस त्याच काळाची खूण. गांधीजी त्या चळवळीत उतरले आणि तिकडे ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांच्या संसदेनेच खिलाफत मोडीत काढली. त्याआधी काही महिने आगाखान आणि अमीर अली या हिंदी मुसलमान पुढाऱ्यांनी खलिफाचा मान राखा म्हणून अंकाराला पत्र लिहिलं होतं. ते सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि परके लोक आमच्या कारभारात नाक खुपसताहेत म्हणून मुस्तफा केमालच्या, म्हणजे पुढच्या अतातुर्कच्या, हाती आयतं कोलीत मिळालं. हद्दपार खलिफाला तनखा दिला हैदराबादच्या निजामाने. खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये निजामाची थोरली सून झाली, म्हणजे त्या वेळच्या आपल्या मराठवाड्याच्या राजघराण्यात आली. खुलताबादजवळ खलिफासाठी कबरीची इमारतही बांधली गेली. त्याचा मृत्यू १९४४ मध्ये पॅरिसला झाला आणि दफन अखेर मदिनेत. वेरूळला जाताना त्या वाटेवर माझं लक्ष आता आपोआप जातं.

आता अतातुर्क. १९२५ च्या ऑगस्टमध्ये तो कास्तामोनू या अगदी जुन्या वळणाच्या गावी पनामा हॅट घालून गेला आणि लोकांना म्हणाला, याला शापका म्हणतात. तीन महिन्यांत कायदा झाला. विरोधाची धग पूर्वेकडच्या गावांत फार होती, फाशीही झाली. इस्किलिपचे आतिफ होजा या धर्मपंडिताने कायद्याच्या आधीच फिरंग्यांच्या नकलेविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांना फासावर चढवलं. बाकीच्या सुधारणा तुमच्या पुस्तकात असतीलच: १९२५ मध्ये दर्वेशांचे, म्हणजे सूफी फकिरांचे, मठ बंद, १९२६ मध्ये स्विस धर्तीचा नागरी कायदा, १९२८ मध्ये रोमन लिपी, १९३४ मध्ये आडनावं आणि स्त्रियांना संसदेसाठी मतदान, १९३५ पासून शुक्रवारऐवजी रविवारची सुटी.

पुस्तकात बहुधा नसेल ते सांगते. ज्या दिवशी खिलाफत गेली, त्याच दिवशी, ३ मार्च १९२४ ला, 'दियानेत' हे धर्मखातं जन्माला आलं. मशिदी, इमाम, फतवे सगळं सरकारच्या एका कचेरीखाली. आज ऐंशी हजारांहून अधिक मशिदी या खात्याच्या आहेत, इमाम म्हणजे पगारी सरकारी नोकर, आणि शुक्रवारचं प्रवचन अंकाराहून लिहून येतं. कोन्यात जे ऐकाल तेच काळ्या समुद्राकाठच्या खेड्यात. पुष्कळ शहरांत अजानसुद्धा एका ठिकाणाहून देतात आणि बाकीच्या मशिदींच्या भोंग्यांतून ती ऐकू येते. आपल्याकडच्या धर्मनिरपेक्षतेचा चष्मा लावून गेलात तर हे दिसणार नाही. आपलं सरकार सगळ्या धर्मांशी कमीजास्त सलगी ठेवतं. त्यांच्या सरकारने एक धर्म, त्यातही सुन्नी हनफी वळणाचा, थेट आपल्या आस्थापनेवर घेतला. अलेवी या वेगळ्या पंथाची लाखो कुटुंबं यात बसत नाहीत. त्यांची प्रार्थनेची जागा म्हणजे जेमएवी, जिथे स्त्रीपुरुष एकत्र बसतात आणि साझ हे तंतुवाद्य वाजवत भजनासारखं गातात, तिला मशिदीचा दर्जा आजही नाही.

सरकारचा हात किती लांब जावा? १९३२ ते १९५० तुर्कस्तानात अजान अरबीत द्यायला मनाई होती. "अल्लाहू अकबर" ऐवजी "तान्री उलुदुर". म्हातारी माणसं अजून सांगतात, की १९५० च्या जूनमध्ये अरबी अजान परत आली तेव्हा लोक रस्त्यात थांबून रडले. निवडून आलेल्या मेंदेरेसच्या सरकारने सत्तेवर येताच पहिल्या महिन्यात केलेलं हे काम. माझ्या मते आजच्या राजकारणाची नाळ तिथे पुरलेली आहे, एर्दोआन पुष्कळ नंतरचे.

आणि एर्दोआन यांनी उलटं काय फिरवलं? लिपी रोमनच आहे, नागरी कायदा आजही स्विस धर्तीचाच आहे, सुटी रविवारीच. त्यांनी दियानेत बंद केलं नाही, मोठं केलं. हत्यार अतातुर्कचंच, आता दुसऱ्या हातात आहे, एवढंच. आया सोफियाचंही तसंच. ५३७ मध्ये चर्च, १४५३ मध्ये मशीद, १९३४ च्या सरकारी ठरावाने संग्रहालय, २०२० च्या जुलैत दुसऱ्या सरकारी आदेशाने पुन्हा मशीद. दोन्ही वेळा सही अंकाराची.

आता बायकांच्या डोक्याकडे येऊ. तुर्कीत डोईवरच्या रुमालाला बाशोर्तुसू म्हणतात. गावाकडच्या आजीने हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला हा रुमाल कधीच कुणाला खुपला नाही. पण १९८० नंतर शहरातल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली मान आणि केस पूर्ण झाकेल असा रेशमी रुमाल पिना लावून बांधू लागल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला निराळं नाव दिलं: 'तुर्बान'. म्हणजे पागोटं! महमूदने पुरुषांच्या डोक्यावरून काढलेलं पागोटं दीडशे वर्षांनी शब्दापुरतं का होईना, बायकांच्या डोक्यावर आलं. २८ फेब्रुवारी १९९७ ला सेनाधिकाऱ्यांनी सरकारचा कान पिरगाळला आणि विद्यापीठांत रुमालबंदी कडक झाली. १९९९ मध्ये मेर्वे कवाक्चे निवडून येऊन संसदेत रुमाल बांधून आल्या, तर गदारोळात त्यांना शपथही घेता आली नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात लेयला शाहीन ही वैद्यकीय विद्यार्थिनी गेली. २००५ मध्ये तीही हरली. त्या वेळी ज्यांचा युरोपवर भरवसा होता, अशा कित्येक धार्मिक बायकांचा तो तिथे उडाला.

आम्ही ज्या हॉटेलात वर्षानुवर्षं उतरायचो, तिथे हिशेब बघणाऱ्या बाई त्याच काळात विद्यापीठात शिकत होत्या. एकदा रात्री उशिरा चहा घेताना त्यांनी सांगितलं, की त्या आणि त्यांच्या मैत्रिणी रुमालावर केसांचा टोप चढवून वर्गात जायच्या. फाटकाशी पहारेकरी. त्याच्यासमोर जाण्याआधी पलीकडच्या दुकानाच्या आडोशाला टोप नीट करायचा, संध्याकाळी तिथेच काढून पिशवीत भरायचा. "उन्हाळ्यात डोकं नुसतं उकळायचं," त्या म्हणाल्या. "देवाला केस दाखवायचे नाहीत म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी केस सरकारला दाखवत होते." २०१० च्या सुमारास विद्यापीठांतली बंदी ढिली पडली आणि २०१३ मध्ये बहुतेक सरकारी कचेऱ्यांतूनही उठली. मग बाईंची मुलगी एकोणीस वर्षांची झाली आणि तिने रुमाल काढून टाकला. घरात दोन आठवडे अबोला. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाल्या, "वाटलं तर. पण मी फाटकावरचा पहारेकरी थोडीच व्हायचं?"

लोक मनाने कुणाचे, या तुमच्या प्रश्नाला मी एक लग्न पुढे करते. चालकाच्या भाचीचं, बुर्सात, दहाएक वर्षांपूर्वीचं. आदल्या दिवशी क्ना गेजेसी, म्हणजे मेंदीची रात्र: नवरी जरीच्या लाल झग्यात, तोंडावर लाल ओढणी, भोवती मैत्रिणी मेणबत्त्या घेऊन फिरतात आणि ती रडेस्तोवर माहेर सुटण्याची गाणी म्हणतात. तळहातावर मेंदीच्या गोळ्यात सोन्याचं नाणं दाबायचं; नवरी मूठ सोडत नाही, सासूने नाणं पुढे केलं की मगच उघडते. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पांढऱ्याशुभ्र युरोपी गाउनमध्ये, पण घरातून निघताना भावाने तिच्या कमरेला लाल फीत तीनदा गुंडाळून बांधली. सकाळी घरच्या घरी इमामाने दुवा वाचला होता. कायद्यात त्याला किंमत नाही. कायद्याचं लग्न हॉलमध्ये लागलं. नगरपालिकेचा अधिकारी लाल डगला घालून टेबलाशी बसला आणि माइकवर विचारलं, कुणाच्या दबावाशिवाय, स्वखुशीने? नवरी "एवेत!", म्हणजे हो, म्हणून ओरडली आणि टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. जो आधी पाय देईल त्याचं घरात चालतं म्हणे. लग्नाची पुस्तिका अधिकाऱ्याने नवरीच्या हातात दिली. हे १९२६ च्या स्विस कायद्याचं अपत्य. २०१७ पासून असं नागरी लग्न मुफ्तीही लावू शकतो, त्यावरून बराच वाद झाला, पण नोंदणी चुकत नाही.

मग आहेर. आपल्याकडे पूर्वी कर्ण्यावरून आहेर वाचायचे ना, "मामांकडून अकरा रुपये", तसंच! "नवऱ्याच्या मामांकडून एक चेयरेक!" पावणेदोन ग्रॅमचं हे सोन्याचं नाणं दोघांच्या गळ्यातल्या लाल फितीवर टाचतात. त्यावर अतातुर्कचा चेहरा असतो. रुमाल बांधलेल्या काकू, मुंजीच्या बटूसारखा नटलेला सुंता झालेला पुतण्या, छोट्या स्कर्टमधल्या मैत्रिणी, सगळे रांगेत उभे राहून नवरीच्या अंगावर अतातुर्क टाचत होते आणि तोंडाने "माशाल्ला" म्हणत होते. कुणाला यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही तासाभरानंतर वाटेनासं झालं.

असं पावलोपावली दिसतं. डिसेंबरात दुकानांत सजवलेली झाडं लागतात, पण ती नववर्षाची. नाताळशी संबंध नाही म्हणतात, आणि नाताळबाबाही 'नोएल बाबा' म्हणून असतोच. वर्षभर राकी पिणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण रमजान लागला की महिनाभर बाटलीला शिवत नाहीत. (रात्री दहानंतर दुकानात दारू विकायला २०१३ पासून बंदी आहे, तेव्हा गटातल्या रसिकांनी वेळेत आवरावं.) दर २३ एप्रिलला ब्युयुकअदा बेटावर हजारो मुसलमान बाया टेकडी चढून सेंट जॉर्जच्या ग्रीक चर्चला जातात आणि वाटेवरच्या झुडपांना रंगीत दोरे गुंडाळत नवस बोलतात. दियानेत असल्या प्रकारांना नाकं मुरडतं. दोरे वाढतच असतात.

दहा नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी अतातुर्क गेला, १९३८ साली. त्या मिनिटाला भोंगे वाजतात आणि सगळं थांबतं. एकदा आमची बस नेमकी गलाता पुलावर होती. चालक इंजिन बंद करून खाली उतरला आणि ताठ उभा राहिला. पुलावर मासे धरणाऱ्यांनी गळ खाली ठेवले. शेजारच्या मोटारीतून डोईपासून पायापर्यंत काळ्या चार्शाफमध्ये असलेली एक म्हातारी मुलाचा हात धरून बाहेर आली आणि मान खाली घालून उभी राहिली. तिला दुवा म्हणायची होती की नुसतं थांबायचं होतं, कोण जाणे. मिनिट संपलं, सगळे परत गाड्यांत बसले आणि लगेच हॉर्न सुरू.

तेव्हा आईच्या पदराचं. रस्त्यावर, हॉटेलात, बोटीवर काहीही झाकावं लागत नाही. मशिदीत मात्र सगळ्याच बायकांना केस झाकावे लागतात, श्रद्धा कुठलीही असो. पुरुषांना टोपीची गरज नाही, पण अर्धी चड्डी नको. आया सोफियात परदेशी प्रवासी वरच्या सज्ज्यात तिकीट काढून जातात, तिथेही हाच नियम. आई साडी नेसत असतील तर पदर डोक्यावरून घेतला की झालं, वेगळा रुमाल नको. पदर निसटतो म्हणून एक सेफ्टी पिन जवळ ठेवा. पंजाबी ड्रेस असेल तर सुती ओढणी न्या, रेशमी घसरते. साडी बघून तिथल्या आज्या जवळ येतील, काठ चाचपून बघतील आणि "माशाल्ला" म्हणतील. आईंना सांगा, "तेशेक्कुरलेर" म्हणायचं. जेवण झाल्यावर बिल हवं असेल तर शब्द शिकायची गरजच नाही, वेटरकडे बघून "हेसाप" म्हणा. आपला हिशेबच तो.